घर आणि यंत्र : आंकडा मोठा कीं काम मोठें ?

नवा संगणक घ्यावयाचें ठरलें म्हणजे एकत्र कुटुंबांत लगेच दोन पक्ष पडतात. वडील मंडळी किंमत विचारतात, तरुण मंडळी आंकडे सांगतात, आणि दुकानदार ज्या वस्तूवर मोठा आंकडा असेल ती हळूच पुढें सरकवितो. संगणकाचें सारें गणित ज्यांत चालतें तो प्रोसेसर. पण दोन प्रोसेसरांपैकीं अधिक वेगवान कोणता, या प्रश्नास ‘कोणत्या कामांत?’ असा प्रतिप्रश्न केल्यावांचून खरें उत्तर देतां येत नाहीं. २०२३ सालची एक प्रसिद्ध जोडी घेऊन हें आज पाहूं.

इंटेल कंपनीचा ‘कोअर आय९-१४९००के’ हा त्या वर्षीं ऑक्टोबरांत बाजारांत आला. ए. एम. डी. कंपनीचा ‘रायझेन ७ ७८००एक्स३डी’ त्यापूर्वीं एप्रिलांत आला होता. पहिल्यांत २४ गाभे आहेत. त्यांपैकीं ८ दमदार व १६ काटकसरी. दुसऱ्यांत अवघे ८. पहिल्याची कमाल गति सेकंदास ६ अब्ज ठोके, म्हणजे ६ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याची ५. अमेरिकेंतील आरंभींची किंमत पहिल्याची ५८९ डॉलर, दुसऱ्याची ४४९. एवढें वाचून कोणीहि म्हणेल कीं, येथें तुलना ती कसली करावयाची ?

कांहीं कामांत निकाल खरोखरच तसा उघड आहे. चित्रफितींचें संपादन, त्रिमिति चित्रें तयार करणें, मोठ्या प्रोग्रॅमची बांधणी, अशा कामांचे पुष्कळ तुकडे पाडून ते एकाच वेळीं उरकतां येतात. लग्नघरीं पुरणपोळ्या करावयाच्या असल्या म्हणजे जितके हात अधिक तितकें काम लवकर, तसाच हा प्रकार. सिनेबेंच नांवाच्या प्रचलित कसोटींत सर्व गाभे कामास जुंपले असतां इंटेलचे गुण ए. एम. डी.च्या सुमारें दुप्पट भरतात.

परंतु तीच जोडी संगणकावरील खेळांना लावली कीं चित्र पालटतें. तेथें आठ गाभ्यांचा प्रोसेसर चोवीस गाभ्यांच्या बरोबरीनें चालतो आणि पुष्कळ खेळांत त्याच्या पुढेंहि जातो. याचें कारण मोठें मौजेचें आहे. बासुंदी आटवावयास चोवीस माणसें बसविलीं म्हणून ती लवकर आटत नाहीं. खेळाचा मुख्य भार थोड्याच गाभ्यांवर पडतो, आणि त्यांस क्षणोक्षणीं माहिती लागते. ती दरवेळीं मुख्य स्मृतींतून आणणें म्हणजे चिमूटभर हळदीसाठीं माडीवरच्या कोठीच्या खोलींत जाणें होय. म्हणून प्रोसेसरच्या अंगांतच ‘कॅश’ नांवाचा छोटा सांठा ठेवलेला असतो. तो म्हणजे चुलीजवळचा मिसळणाचा डबा. तिसऱ्या पायरीचा हा सांठा इंटेलच्या प्रोसेसरांत ३६ मेगाबाइट, तर ए. एम. डी.च्यांत ९६ आहे. मूळच्या ३२ मेगाबाइटांवर आणखी ६४ मेगाबाइटांचा पातळ थर चढवून तो वाढविला. नांवांतील ‘३डी’ ही त्याचीच खूण. ठोके कमी पडले, पण खेपा वांचल्या.

परीक्षणें वाचतांना मात्र एक सावधगिरी ठेवावी. प्रोसेसरांतील भेद स्पष्ट दिसावा म्हणून तीं बहुधा अतिशय महाग ग्राफिक्स कार्ड लावून आणि चित्र कमी बारकाव्याचें ठेवून केलेलीं असतात. साधें कार्ड असेल, किंवा ४के पडद्यावर खेळावयाचें असेल, तर सारा अडथळा कार्डापाशींच होतो आणि दोन प्रोसेसरांतील अंतर जवळजवळ नाहींसें होतें.

खर्च दुकानांत संपत नाहीं, हेंहि गृहिणींस सांगावयास नको. इंटेलचा प्रोसेसर पूर्ण भाराखालीं २५३ वॅटपर्यंत वीज घेतो. दुसऱ्याचा कंपनीनें नेमलेला आंकडा १२० वॅट आहे. शंभर वॅटांचा फरक आणि रोजचा चार तास वापर धरला, तरी महिन्याला बारा युनिटें होतात. शिवाय तेवढी उष्णता खोलींत पसरते ती वेगळीच. टिकाऊपणाचाहि प्रश्न निघाला. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढींतील कांहीं प्रोसेसर अधिक विद्युद्दाबामुळें बिघडूं लागले. २०२४ च्या ऑगस्टांत कंपनीनें दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला व हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविली. मात्र जो आधींच झिजला तो त्यानें बरा होत नाहीं. दुसरी बाजूहि निष्कलंक नाहीं. २०२३ च्या एप्रिलांत ए. एम. डी.चे कांहीं प्रोसेसर मदरबोर्डावर जळाले, तेव्हां त्यांनाहि विद्युद्दाबावर मर्यादा घालावी लागली. तेव्हां यांपैकीं कोणताहि वापरणारांनीं मदरबोर्डाचें बायॉस अद्ययावत् ठेवावें.

तात्पर्य काय ? घरांत कोणी चित्रफितींचा किंवा त्रिमिति चित्रांचा व्यवसाय करीत असेल, तर अधिक गाभ्यांचे पैसे सार्थकीं लागतील. मुख्य हौस खेळांची असेल, तर मोठ्या कॅशचा प्रोसेसर थोडक्या विजेंत तीच हौस पुरवील. पण जेथें पत्रव्यवहार, घरचे हिशेब, मुलांचे अभ्यास आणि छायाचित्रांचा संग्रह एवढेंच काम आहे, तेथें या दोहोंपैकीं एकहि नको. मध्यम किंमतीचा प्रोसेसर, १६ गिगाबाइट रॅम व चांगला एस. एस. डी. एवढ्यांत अशा घराचें उत्तम भागतें. तेव्हां दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं घरांतील सर्वांनीं एकत्र बसून आपल्या कामांची यादी करावी, आणि ती हातीं आल्यावरच आंकडे वाचावेत.