शेतकऱ्याची कंबर

“दिवसभर शेतांत राबणाऱ्यास आणखी व्यायामाची गरज ती काय?” असा प्रश्न अनेक शेतकरी बंधु आम्हांस विचारतात. प्रश्न वरकरणी सयुक्तिक दिसतो. तथापि आमचें मत निराळें आहे. अंगमेहनत आणि व्यायाम या दोन भिन्न गोष्टी होत. खुरपणी, भातलावणी, ऊसतोड, गोण्यांची चढउतार हीं कामें पाठीचा कणा तासन्‌तास वांकवितात व शिणवितात. कण्यास सांवरून धरणारे स्नायू त्यांनीं आपोआप बळकट होतातच असें नाहीं. तसें होत असतें तर ऐन कर्त्या वयांत कंबर धरून बसलेले कष्टकरी गांवोगांव दिसले नसते.

कण्याची रचना मांडवाच्या उंच खांबासारखी आहे. चहूंकडून सारख्या ताणलेल्या दोरांमुळें तो खांब उभा राहतो. पोट, कुशी, पाठ व नितंब यांचे स्नायू हेच ते दोर. ते ढिले पडले कीं भार कमरेच्या मणक्यांवर व त्यांमधील गाद्यांवर येतो, आणि एखादे दिवशीं साधी घागर उचलतांनाहि उसण भरते.

हे दोर कसतांना घाई उपयोगाची नाहीं. उताणें निजून धड वारंवार उठवावें व डोकें गुडघ्यांस लावावें, हा शाळेंत शिकविला जाणारा प्रकार दुखऱ्या कमरेनें करूं नये. त्यांत मणक्यांमधील गाद्या पुनःपुन्हा दाबल्या जातात. तालमींतील जोर-बैठकांविषयीं आम्हांस आदर आहे. पण त्या निरोगी तरुणानें काढाव्या, उसण भरलेल्या प्रौढ गृहस्थानें नव्हे. कॅनडांतील वॉटर्लू विद्यापीठाचे माजी प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल यांनीं कण्याचा दीर्घकाल अभ्यास करून तीन सौम्य प्रकार सुचविले आहेत. पहिल्यांत उताणें निजून एक गुडघा वांकवावा, हात कमरेच्या पोकळीखालीं ठेवावे, व डोकें आणि खांदे जमिनीपासून जेमतेम उचलावे. दुसऱ्यांत कुशीवर निजून कोपर व गुडघे यांवर अंग तोलावें. तिसऱ्यांत तळहात व गुडघे टेकून उजवा हात पुढें व डावा पाय मागें सरळ करावा, मग उलट. दर वेळीं सुमारें १० सेकंद थांबावें, श्वास कोंडूं नये. पुढें वाढवावयाचीं तीं आवर्तनें. थांबण्याचा काळ नव्हे. पायांत बधिरपणा आला किंवा लघवीवरील ताबा गेला तर मात्र हें सारें सोडून तत्काळ डॉक्टरांकडे जावें.

वेळेचीहि गोष्ट आहे. रात्रभर निजल्यानें मणक्यांमधील गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून पहाटे वांकल्यास ताण अधिक पडतो. अमेरिकेंत स्नूक व त्यांचे सहकारी यांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, सकाळचें वांकणें टाळणाऱ्या जुनाट कंबरदुखीच्या रोग्यांच्या वेदना कमी झाल्या. आमच्या घरीं तर डोळे उघडतांच शेणगोठा! निदान आधीं थोडें फिरावें, आणि व्यायाम सायंकाळीं करावा.

परंतु सारें व्यायामावर सोपविणें अन्यायाचें होईल. कॅलिफोर्नियांत आंखूड दांड्याच्या कुदळीनें मजुरांचे कणे निकामी होत, म्हणून १९७५ सालीं तिचा वापर तेथें बंद करण्यांत आला. आमच्याकडे खुरपणी बहुतेक स्त्रियांच्या वांट्यास येते, आणि त्यांच्या हातीं वीतभर मुठीचें खुरपें असतें. ओळींच्या पिकांत उभ्यानें चालवितां येणारें हातकोळपें ज्या मालकास परवडतें त्यानें तें न घेणें आम्हांस शोभत नाहीं. मालकाची कंबर गेली तर तो गडी लावील. मजूर बाईची गेली तर तिचा हंगाम बुडतो.

ओझ्याचेंहि तसेंच. युरियाची गोणी २०१८ पासून ५० ऐवजीं ४५ किलोंची झाली, हें बरें झालें. पण इतर खतांच्या गोण्या अद्यापि ५० किलोंच्या येतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनें १९६७ च्या शिफारशींत धडधाकट पुरुषासाठींहि ५५ किलोंची मर्यादा सांगितली आहे. सबब गोणी दोघांनीं उचलावी, ती अंगालगत धरावी, गुडघ्यांत वांकावें, आणि उचलतां उचलतां कमरेंतून वळूं नये. संघाच्या गोदामांत दोन चाकांची ढकलगाडी पावसाळ्यापूर्वीं ठेवावी, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळाकडे लेखी पाठवीत आहों. सभासदांनीं पुढील सभेंत तिला पाठिंबा द्यावा.