लॉ सीईटीत गुण कमी पडले, आता?

लॉ सीईटीचा निकाल लागला की लासूर स्टेशन आणि आसपासच्या गावांतून एकच प्रश्न येतो: गुण कमी पडलेत, अर्ज भरायचा की नाही? मुलगा किंवा मुलगी बीए, बीकॉम झालेली असते, घरी कांदा-कपाशी असते आणि विचारणारे बहुतेकदा वडील नाहीतर मामा असतात. माझं उत्तर आधीच सांगतो. अर्ज भरा. मात्र या गुणांनी जेवढं ठरतं तेवढंच त्यांना ठरवू द्या.

या परीक्षेत पास-नापास नसतं. तीन वर्षांच्या एलएलबीसाठी पदवीला खुल्या प्रवर्गात 45 टक्के, ओबीसींना 42 आणि अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के लागतात. ही अट बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांतली आहे. ती पूर्ण केली की सीईटीचे गुण रांग लावतात, कोणाला कॉलेज आधी मिळणार आणि कोणाला नंतर एवढंच. रांगेत मागे उभा असलेला वकिलीला नालायक आहे असं ही परीक्षा कुठेही म्हणत नाही. घरात मात्र निकालाचा अर्थ तसाच लावला जातो, आणि मुलगी असेल तर फारच लवकर.

गुण कमी का पडले ते आधी पाहा. तीन वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीत एक-तृतीयांश गुण इंग्रजीचे असतात. बाकीचे कायद्याचा कल, सामान्य ज्ञान आणि तर्क यांचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नसतो. ही साधी गोष्टसुद्धा गावाकडच्या अनेक मुलांना कोणी सांगितलेली नसते. मराठी माध्यमातून शिकलेली, क्लासचं तोंड न पाहिलेली मुलगी इथे मागे पडते, यात तिच्या बुद्धीचा दोष मला दिसत नाही.

आता ती पुढे जिथे उभी राहणार ते न्यायालय पाहा. महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा 1998 च्या अधिसूचनेनं मराठी ठरलेली आहे. गंगापूरला किंवा वैजापूरला साक्षीदार बोलतो ते मराठीत, तलाठ्याचा फेरफार मराठीत, पंचनामा मराठीत, खरेदीखत मराठीत. आणि कामं कसली? शेताला रस्ता नाही म्हणून तहसीलदाराकडे केलेला अर्ज. जुना रस्ता कोणी अडवला असेल तर तो मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली जातो, बांधावरून नवा मागायचा असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली. इथे कलम चुकलं तर पेरणीचे हंगाम निघून जातात. समृद्धी महामार्ग गंगापूर आणि वैजापूर या दोन्ही तालुक्यांतून गेला. अशा भूसंपादनात मोबदल्याआधी हिस्सेदार कोण हे सिद्ध करावं लागतं. बहिणींची हक्कसोडपत्रं तर विचारूच नका. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला, ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा प्रकरणात हा हक्क जन्मानं मिळतो, 2005 मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, असं स्पष्ट केलं. तरी माहेर तुटू नये म्हणून सह्या होतात, आणि सही करण्याआधी त्या बाईला शांतपणे बसवून कागद वाचून दाखवणारं माणूस जवळ नसतं. हे काम गावची भाषा, नाती आणि भाऊबंदकी ओळखणाऱ्या वकिलाचं आहे. अशी मुलगी सीईटीच्या रांगेत मागे राहिली म्हणून घरी बसली तर नुकसान तिच्याइतकंच तालुक्याचं आहे, असं मी मनापासून मानतो.

इंग्रजीतून मात्र सुटका नाही. उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं. छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ 1981 पासून आपल्याच जिल्ह्यात आहे आणि तिथले निकाल वाचता आले नाहीत तर तालुक्यातली वकिलीही लंगडी राहते. इंग्रजी कच्चं असेल तर ते तीन वर्षांत कमवावं लागेल. ते कमावता येतं. वाचनाचा कंटाळा असेल तर मात्र माझं मत वेगळं आहे. भारतीय न्याय संहितेची मराठी-इंग्रजी शेजारी-शेजारी छापलेली प्रत घ्या, चार संध्याकाळी वाचा. एक कलम, त्याचं स्पष्टीकरण, त्याखालचं उदाहरण, पुन्हा कलम. यात मन रमत असेल तर सीईटीचे गुण विसरा. दुसऱ्या पानावर मोबाईल हातात येत असेल तर गुण चांगले असते तरी मी थांबायलाच सांगितलं असतं.

पैशाच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून हे नीट वाचा. गुण कमी आहेत, कॅपमध्ये, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, नंबर लागणार नाही, आत्ताच संस्थेच्या कोट्यातून जागा पक्की करा, असं सांगणारे निकालानंतर लगेच भेटतात. घाई करू नका. कॅपच्या पुढच्या फेऱ्यांत जागा रिकाम्या होत जातात, आणि शासनाच्या शुल्क सवलती कॅपमधून घेतलेल्या प्रवेशालाच मिळतात. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. संस्थेच्या कोट्यात पाऊल टाकलं की हे सगळं हातचं जातं. कांद्याची पट्टी मोडून कोट्याची फी भरणारे वडील मला बघवत नाहीत. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर हे कागद मात्र निकालाच्या आधीच तयार ठेवायला हवेत.

मग वर्षभर थांबून पुन्हा सीईटी द्यावी का? हा प्रश्न चाळीत कांदा ठेवण्यासारखा आहे. भाव वाढेल या आशेवर ठेवायचा, पण सडणारा किती आणि मधल्या काळात घर कशावर चालणार, हेही मोजायचं. पहिल्या वेळी अभ्यासच झाला नसेल आणि आता रोज चार तास बसायची तयारी असेल तर थांबण्यात अर्थ आहे, विशेषतः शहरातलं अनुदानित कॉलेज थोडक्यात हुकलं असेल तर. अभ्यास करूनही तेवढेच गुण पडले असतील तर वर्ष घालवू नका. कांचनवाडीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा रस्ता निराळाच आहे. तिथे बारावीनंतर क्लॅट द्यावी लागते, ती फक्त इंग्रजीत होते आणि चुकीच्या उत्तराला गुणही कापते.

कॉलेज कोणतं, हा खरा निर्णय. काही ठिकाणी प्रवेशाच्या वेळीच सांगतात की हजेरीचं आम्ही बघतो, तुम्ही परीक्षेला या. गावाकडच्या घरांना हे सोयीचं वाटतं, शेतीही होते, पदवीही मिळते. मला ही सोय मुलांच्या आयुष्याशी केलेली सर्वात मोठी फसवणूक वाटते. नियमानं प्रत्येक विषयाला 70 टक्के हजेरी लागते, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवड्यांची इंटर्नशिप लागते. न्यायालयाची पायरी न चढता घेतलेली पदवी पहिल्याच उलटतपासणीत उघडी पडते, आणि तिची किंमत पक्षकार मोजतो. देशभर निकृष्ट कॉलेजं वाढली म्हणून ऑगस्ट 2025 मध्ये बार कौन्सिलनं नव्या विधी महाविद्यालयांवर तीन वर्षांची बंदी घातली. जी आधीच आहेत त्यांच्यातून निवड तुम्हालाच करायची आहे. लासूर स्टेशनहून छत्रपती संभाजीनगर शहर 35-40 किलोमीटर, रेल्वेनं किंवा एसटीनं रोज जाऊन-येऊन करता येतं. माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालय, नागसेनवनातलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय, आणि यादीतली बाकीची नावं, प्रत्येक ठिकाणी कामाच्या दिवशी स्वतः जा. वर्ग भरलेला आहे का, ग्रंथालयात मुलं बसलेली आहेत का, हे पाहूनच पसंतीक्रम भरा.

पदवीनंतरचा खर्च लोक उगाच फुगवून सांगतात. सनद काढायला राज्य बार कौन्सिलला 750 रुपयांपेक्षा जास्त, अनुसूचित जाती-जमातींकडून 125 पेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 30 जुलै 2024 ला दिला. अखिल भारतीय बार परीक्षा मराठीतूनही देता येते. खरी कठीण असतात ती त्यानंतरची वर्षं. ज्युनिअर म्हणून सीनिअरच्या हाताखाली राबायचं, आणि हातात येतं ते अनेकदा येण्या-जाण्याच्या भाड्यापुरतं. ग्रामीण भागात ज्युनिअरला महिन्याला किमान 15 हजार द्यावेत असं बार कौन्सिलनं ऑक्टोबर 2024 मध्ये सुचवलं, पण ती सूचना आहे, सक्ती नाही. न्यायाधीश व्हायचं असेल तरी सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2025 च्या निकालानं आधी तीन वर्षं वकिली करणं पुन्हा बंधनकारक झालं आहे. गरीब आरोपींची बाजू मांडणाऱ्या लोकअभिरक्षक कार्यालयात सहायक म्हणून नवख्या वकिलांना संधी असते, जागा मोजक्याच.

म्हणून अर्ज भरायच्या आधी घरातल्यांनी एका संध्याकाळी एकत्र बसावं, आई-वडील, मुलगी, आणि ज्याच्या नावावर कर्ज आहे तोही. तीन वर्षं शिक्षणाची आणि त्यानंतरची तीन वर्षं कमाईविना गेली तर घर कसं चालेल, हे तिच्यासमोर मांडावं. तिच्या लग्नाची घाई करणार नाही, हे त्याच बैठकीत तिला सांगून टाकावं. सीईटीचं गुणपत्रक त्या दिवशी कपाटात राहिलं तरी चालेल.