मरुभूमींतील बिऱ्हाड

'मरु' या शब्दाची व्युत्पत्ति 'मृ' म्हणजे मरणें या धातूपासून लावतात. तीन वर्षांपूर्वीं आमच्या धाकट्या चिरंजिवांना जोधपुरास नोकरी लागली, तेव्हां ही व्युत्पत्ति आम्हीं जेवणाच्या पंगतींत मोठ्या ऐटीनें सांगितली. ज्या प्रदेशाचें नांवच मरणावरून पडलें, तेथें बायकोमुलांना नेण्याचें प्रयोजन काय, असा आमचा सवाल होता. आमच्या वडील बंधूंनीं इतिहासाचा दाखला जोडला कीं, जयाप्पा शिंद्यांसारखा सेनानी १७५५ सालीं मारवाडांत नागोरासच कामास आला. दोन वृद्धांच्या या पांडित्यापुढें मुलगा काय बोलणार? तो मुकाट्यानें जेवून उठला आणि एकटाच गेला. सूनबाई व नात चिपळुणास आमच्याजवळ राहिल्या.

ही आमची चूक होती. ती ध्यानांत यावयास दोन वर्षें लागलीं आणि ती दाखविली आमच्या आठ वर्षांच्या नातीनें. 'माझें कुटुंब' या विषयावर तिनें निबंध लिहिला. त्यांत आजोबा, आजी, आई, काका, काकू, घरची मांजर, सर्वांचें यथास्थित वर्णन होतें. शेवटीं एकच वाक्य होतें : 'माझे बाबा दिवाळीला येतात.' आम्हीं जन्मभर निबंध तपासले. या निबंधांत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, तरी तें वाक्य वाचून आमचा हात थांबला. चूक होती, पण ती लिहिणारीची नव्हती.

तेव्हां स्वतः पाहिल्यावांचून निकाल देणें हा अन्याय आहे, असें ठरवून आम्ही उभयतां वैशाखांतच जोधपुरास गेलों. ऋतु मुद्दाम कठीण निवडला. कोंकण पाहावयाचें तर श्रावणांत पाहावें, म्हणजे त्याची खरी परीक्षा होते, तसेंच हें. सहा आठवडे राहून जें पाहिलें, तें परगांवीं मुलें असलेल्या इतर कुटुंबांच्या उपयोगीं पडेल म्हणून येथें देत आहों.

प्रथम दोष सांगतों. तेथील उन्हाळा हें प्रकरण सामान्य नव्हे. जोधपुरापासून दीडशें किलोमीटरांच्या आंत असलेल्या फलोदी गांवीं १९ मे २०१६ रोजीं ५१ अंश तपमान नोंदलें गेलें. आम्ही होतों तेव्हां पारा तितका चढला नाहीं, तरी सकाळीं दहानंतर वारा चुलीच्या तोंडावरून आल्यासारखा येई. या वाऱ्यास तिकडे 'लू' म्हणतात. दुसरें दुःख धुळीचें. एके दिवशीं तिसऱ्या प्रहरीं पश्चिमेकडे आकाश पिंवळें झालें आणि घटकाभरांत 'आंधी' आली. दारें-खिडक्या लावूनही रात्रीं भाताच्या घासांत वाळू कचकचली. ज्यांस दम्याचा विकार आहे, त्यांनीं वैद्यांस विचारल्याखेरीज तेथें बिऱ्हाड करूं नये. तिसरें, आसपासच्या खेड्यांतून विहिरींचें पाणी पुष्कळ ठिकाणीं खारट असतें व त्यांत फ्लोराइडचें प्रमाण अधिक असल्यानें दांत डागळतात. नोकरी शहराबाहेर असेल, तर घर पाहण्याआधीं पाणी तपासून घ्यावें.

आतां गुण. हवा कोरडी असल्यामुळें सांवलींत शिरतांच जिवास विसांवा मिळतो. घामाची चिकचिक नाहीं. जुन्या शहरांत गल्ल्या इतक्या अरुंद कीं, एका घराची सांवली समोरच्या घरावर पडते. वालुकाश्माच्या जाड भिंती आणि त्यांवर निळसर चुना, अशा घरांत भर दुपारींही बसवतें. १४५९ सालीं राव जोधांनीं हें शहर वसविलें. तेव्हांपासून उन्हाशीं कसें राहावें, हें तेथील गवंड्यांना ठाऊक आहे. मात्र नव्या वस्तींत आमच्या मुलानें प्रथम घेतलेली जागा कांचांच्या मोठ्या खिडक्यांची होती. ती दुपारीं भट्टी होई. तात्पर्य, वाळवंटांत घर घ्यावें तें जुन्या लोकांच्या अकलेनें घ्यावें.

पाण्याविषयींचा आमचा अनुभव सविस्तर सांगण्याजोगा आहे. पहिल्या दिवशीं आम्हीं चिपळूणच्या संवयीनें दोन बादल्या भडाभडा अंगावर ओतून स्नान केलें व उरलेली अर्धी बादली मोरींत उलटी केली. शेजारच्या घरांत ऐंशीच्या घरांतल्या एक आजीबाई राहत. त्यांनीं तें खिडकींतून पाहिलें. त्या बोलल्या कांहींच नाहींत. दुसऱ्या दिवशीं एक रिकामें घमेलें मात्र आमच्या दाराशीं आणून ठेवलें. आमच्या मंडळींना त्याचा अर्थ तत्काळ कळला, आम्हांस उशिरानें. त्यांच्या माहेरीं घराखालीं 'टांका' असे, म्हणजे पावसाचें पाणी सांठविण्याचें भूमिगत टांकें. वर्षाकांठीं साडेतीनशें मिलिमीटरांच्या आसपास पाऊस. तो गच्चीवरून टांक्यांत उतरवावयाचा आणि आषाढापासून ज्येष्ठापर्यंत पुरवावयाचा. आमच्या कोंकणांत तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि वैशाखांत आम्ही टँकरची वाट पाहतों! ही तुलना मनांत आली तेव्हां आमची मान खालीं गेली.

परंतु तेथेंही सर्व कांहीं जुनें राहिलेलें नाहीं. १९५८ सालीं कामास आरंभ झालेल्या राजस्थान कालव्याचें (पुढें त्यास इंदिरा गांधी कालवा हें नांव मिळालें) पाणी गेल्या शतकाच्या अखेरीस उपसा-कालव्यानें जोधपुरास पोंचलें. सतलज व बियास यांच्या संगमाजवळचें पंजाबचें पाणी आतां मारवाडांत घरोघरीं नळानें येतें. याचें फळ मात्र विचित्र झालें. घरांत नळ आल्यावर लोकांनीं जुन्या विहिरी व बावड्या उपसणें सोडलें. नळांची गळती जमिनींत मुरूं लागली. आणि शहरांतील भूजल इतकें वर आलें कीं, बाजारपेठेंतील कित्येक तळघरांत पाणी शिरून तें पंपानें उपसावें लागतें. वाळवंटांत तळघरें बुडतात! उलट उन्हाळ्याच्या तोंडीं कालवा दुरुस्तीसाठीं बंद ठेवतात, त्यास 'नहरबंदी' म्हणतात. तेव्हां शहराची भिस्त कायलानासारख्या तलावांवर असते आणि नळ दिवसाआड येतो. अभाव सोसण्याची विद्या पिढ्यान् पिढ्या शिकलेल्या लोकांनाही विपुलता संभाळणें कठीण गेलें. आम्हां कोंकणस्थ माणसांनीं त्यांस हंसण्याचें कारण नाहीं.

अन्नाची अडचण समजतात तितकी नाहीं. नारळ-कोकम महाग, पण बाजरी, दूध, ताक विपुल. खेजडीच्या शेंगा म्हणजे सांगरी, ती केर नांवाच्या फळांबरोबर शिजवून तोंडीं लावतात. वाळवून ठेवली कीं वर्षभर टिकते. या खेजडीसाठीं १७३० सालीं जोधपुरानजीक खेजडली गांवीं ३६३ बिश्नोई स्त्रीपुरुषांनीं प्राण दिले. दारांतलें झाड तोडूं देण्यापेक्षां मान देणें ज्यांना सोपें वाटलें, त्यांच्या देशास आम्ही मरणाचा देश म्हणत होतों!

आणि शेवटीं आमच्या व्युत्पत्तीचा निकाल. परत आल्यावर चरकसंहिता काढली. सूत्रस्थानांत आरोग्यास हितकर अशा प्रदेशांत मरुभूमीस अग्रस्थान दिलें आहे आणि अनूप, म्हणजे जलबहुल, प्रदेश अहितकरांत श्रेष्ठ गणला आहे. म्हणजे शास्त्राप्रमाणें पाहूं गेलें, तर चिपळुणांतून मुलानें पळावें असा आधार निघतो. २०२१ च्या जुलैंत महापुराचें पाणी आमच्या माजघरांत छातीइतकें होतें, हें आम्ही विसरलों होतों. शास्त्र हवें तेवढें उघडावयाचें आणि नको तेथें मिटावयाचें, हा दोष शिकविणाऱ्यांतच अधिक असतो. तथापि एका ग्रंथवचनाच्या जागीं दुसरें बसवून निर्णय करावा, असें आतां आमचें म्हणणें नाहीं. वाळवंटांत उन्हाळ्याचे तीन महिने कष्टाचे आहेत, हिंवाळा रम्य आहे, पाण्याची शिस्त पाळावी लागते आणि पहिलें वर्ष भाषेवांचून एकटें वाटतें. इतकें जाणून, मुलें, सुना व वैद्य यांच्या विचारानें ठरवावें. वडिलांनीं मत द्यावें. हुकूम देऊं नये.

आमच्या घरीं निर्णय झाला. शाळा सुरू होण्याच्या वेळीं सूनबाई व नात जोधपुरास गेल्या. निघतांना सूनबाईंनीं वांकून नमस्कार केला, तेव्हां आम्हीं म्हटलें, 'दोन वर्षांपूर्वींच पाठवावयास पाहिजे होतें.' त्या म्हणाल्या, 'तेव्हां आम्हांला कुणी विचारलेंच नव्हतें, मामंजी.' बोलण्यांत राग नव्हता, म्हणूनच तें अधिक लागलें.

आतां घर मोठें वाटतें. नात दर रविवारीं दूरध्वनीवरून तिकडची हकीकत सांगते; घमेल्यांतल्या पाण्यावर तिनें तुळस लावली आहे. येथें बाहेर पाऊस धो धो कोसळत आहे आणि आम्हीं स्नानाच्या पाण्याखालीं घमेलें ठेवावयास आरंभ केला आहे. आमच्या मंडळी हंसतात. परंतु घमेलें उचलून पाणी परसांतल्या जास्वंदीस त्याच घालतात.