आचारी, आचार्य आणि साल्हेरचा दर्या

मंडळी, गेल्या महिन्यात आमच्याकडे पन्नास माणसांचं जेवण होतं. घरच्या ग्रुपवर मी लिहिलं, "आचाऱ्यांना सांगून ठेवलं आहे." फोनने परस्पर "आचार्यांना" केलं! लगेच पुण्याहून पुतण्याचा प्रश्न, "नाना, कोणते आचार्य? प्रवचन जेवणाआधी की नंतर?" नातवाला साल्हेरच्या दऱ्यांबद्दल लिहायला गेलो, तर तिथे दर्या उसळला. १५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, आणि पायथ्याशी समुद्र! परदेशातली भाची रोमन लिपीत लिहिते; तिचा फोन सटाण्याचा सरळ 'सैतान' करतो. देवमामलेदारांच्या गावाचं हे बारसं.

असल्या गमती एकमेकांना पाठवायची हल्ली टूमच आहे. "मजा म्हणून सोडून द्या हो," असं मला सांगतात. मी सोडणार नाही. छत्तीस वर्षं वह्या तपासल्या आहेत; चूक कुठून येते ते कळतं.

ऱ्य आणि र्य हा फरक मराठीचा. हिंदीला त्याची गरज पडत नाही. युनिकोडमध्ये ऱ ला स्वतंत्र जागा आहे, म्हणजे यंत्राला अक्षर माहीत नाही असंही नाही. त्याच्या यादीत शब्द नाही, एवढंच. आणि यादीत नाही ते चूक, हा त्याचा न्याय! शिवाय मराठी शब्द एकटा कुठे राहतो? घर, घराला, घरातून, घरासमोरच्यांनी... सामान्यरूप शिकवल्याशिवाय नुसती यादी वाढवून भागत नाही. मोठ्या भाषाही यातून सुटलेल्या नाहीत. सहकार्य या अर्थाचा 'कोऑपरेशन' हा इंग्रजी शब्द जुन्या यादीत फक्त जोडरेघेसकट होता. बिनरेघेचा लिहिला की यंत्र 'क्युपर्टिनो' हे कॅलिफोर्नियातलं गाव पुढे करी, आणि युरोपीय संघाच्या कागदपत्रांतही ते तसंच गेलं. पण इंग्रजीच्या चुका दुरुस्त करायला माणसं बसलेली असतात. आपण ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जाचे पेढे खाल्ले. माझ्या फोनवर आचारी अजून आचार्यच आहेत.

खरा राग मात्र पुढचाच आहे. हे यंत्र विचारत नाही. खाली लाल रेघ ओढ, शेजारी शब्द सुचव, माझी ना नाही. माझ्या हातचा शब्द काढून दुसरा ठेवायचा आणि पहिल्याची खूणही उरू द्यायची नाही, ही दुरुस्ती कसली?

आमच्या बागलाणात घराघरांत अहिराणी. माझा एक जुना विद्यार्थी डाळिंबाची शेती करतो. परवा दुपारी त्याचा संदेश आला, "सर, वावरमा शे, आठ या." पहिला तोडा चालू होता, बाग दाखवायची होती त्याला. मी आज्ञाधारकपणे रात्री आठला बॅटरी घेऊन पोचलो. बागेत चिटपाखरू नाही. त्याने लिहिलं होतं 'आठे या', म्हणजे इकडे या. फोनने मात्रा उडवली आणि मला वेळ नेमून दिली!

दुसऱ्या दिवशी तो घरी आला, तेव्हा मी फोनच्या नावाने खडे फोडत होतो. तो हसून म्हणाला, "सर, 'आठे' तर तुम्हीपण खोडायचे. मी 'मनी माय' लिहिलं, तुम्ही वर 'माझी आई' लिहिलं."

मला आठवेना. त्याला वहीचं पानसुद्धा आठवत होतं.

प्रमाणभाषा शिकवणं माझं कामच होतं, १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम मी बनवले नव्हते, वगैरे मी सांगितलं. आणि खोडलेला शब्द निदान खाली वाचता यायचा, असंही. तो "हो सर" म्हणाला. डाळिंबांची पिशवी ठेवून गेला.

असो. फोनमधली आपोआप दुरुस्ती मी आता बंद केली आहे, आणि त्याला उत्तर अहिराणीत लिहिलं. वरच्या मजकुरात कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर ते माझं स्वतःचं आहे. जरूर कळवा.