राजवाड्यातल्या शाळेसाठी, पावसाआधी

सातारकरहो, आणि प्रतापसिंह हायस्कुलात शिकून जगभर पांगलेल्या माजी विद्यार्थ्यांनो,

७ नोव्हेंबर १९०० रोजी या शाळेच्या रजिस्टरात १९१४ क्रमांकावर एक नाव चढलं: भिवा रामजी आंबेडकर. ते पान शाळेने जपलं आणि ती तारीख आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून साजरी होते. पण ज्या जुन्या राजवाड्यात तेव्हा ही शाळा भरायची, त्याच्या तुळयांना हारतुरे पुरत नाहीत.

हा वाडा छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या काळातला. इंग्रजांनी १८३९ मध्ये त्यांना गादीवरून काढून काशीला धाडलं, आणि पुढे त्यांच्या घरात गावची पोरं बाराखडी, इंग्रजी शिकली. साताऱ्यातल्या शाळेच्या दिवसांत बाबासाहेबांना कोपऱ्यात वेगळं बसावं लागे; बसायचं गोणपाट रोज घरून आणायचं, संध्याकाळी परत न्यायचं. राजाचा वाडा आणि गोणपाटाचा तुकडा, दोन्ही एकाच गावच्या इतिहासात आहेत. नव्या कोऱ्या स्मारकात हे कसं कळणार?

भिडे वाडा आठवा. १८४८ मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली ती जागा. वर्षानुवर्षं खटला चालला, वाडा खचत गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडण्यात आला. स्मारक होईल, वाडा काही परत येणार नाही.

म्हणून पावसाळ्याआधी राजवाड्याची पाहणी जुनं लाकूड आणि चुन्याचं काम जाणणाऱ्या वास्तुविशारदाकडून व्हावी, अशी मागणी आपापल्या लोकप्रतिनिधींकडे लेखी करा. तोंडी आश्वासनं पुष्कळ ऐकली. ‘तात्पुरती डागडुजी’ म्हणून सिमेंटचा गिलावा होऊ देऊ नका. चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर पडते; सिमेंट ती कोंडून धरतं, भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक आतून सडतं आणि वरच्या रंगामुळे कुणाला पत्ता लागत नाही.

माजी विद्यार्थ्यांनी जुने वर्गफोटो शोधावेत. आपले चेहरे राहू द्या, मागचे खांब, कमानी, खिडक्या बघा. दुरुस्ती करणाऱ्याला तोच पुरावा. मागे साल लिहून प्रत शाळेत द्या, मूळ फोटो स्वतःजवळ ठेवा.

आणि घाणीचा चुना मळलेले जुने गवंडी कुणाच्या ओळखीत असतील, तर त्यांना विचारून त्यांची नावं शाळेला आजच कळवा. चुना मुरायला दिवस लागतात, मे अखेरीस धावपळ करून भागणार नाही.