रॉ डेटा पुसला जाऊ नये : ‘समीर’च्या महासंचालकांना खुले पत्र

माननीय महासंचालक,
‘समीर’, पवई, मुंबई



देशी बनावटीचे १.५ टेस्लाचे एमआरआय यंत्र चाचणीसाठी दिल्लीच्या एम्समध्ये बसवण्याचा करार झाल्याची बातमी २०२५ च्या मार्चमध्ये आली, तेव्हा आमच्या विभागात ती मोठ्याने वाचली गेली. मी एका सरकारी रुग्णालयात एमआरआय तंत्रज्ञ आहे. कॅन्सरच्या किरणोपचारासाठी लिनिअर ॲक्सिलरेटर देशातच घडवून दाखवणाऱ्या आपल्या संस्थेकडून हे यंत्र येत आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. यंत्र रुग्णालयारुग्णालयांत पोहोचण्याआधी आपल्याकडे एकच मागणी आहे. त्यातला रॉ डेटा पुसला जाऊ नये.

मेंदूच्या तपासणीला साधारण वीस-तीस मिनिटे लागतात. त्याआधी जोडवी, केसांतल्या पिना, मंगळसूत्र काढायचे. मंगळसूत्र काढायला पुष्कळ जणींचे मन धजत नाही. मग ते रुमालात बांधून सासूबाई मुठीत घट्ट धरून बाहेर बसतात. आत डोक्याभोवती कॉइल बसते आणि ठकठक सुरू होते. “मावशी, अजिबात हलू नका,” मी माइकवरून सांगते. पण मणक्याचा क्षय असलेल्या माणसाला उताणे पडून राहणेच असह्य असते. काही मिनिटांत तो कण्हत कूस बदलतो, चित्र बिघडते आणि तो सिक्वेन्स पहिल्यापासून घ्यावा लागतो. लहान मुलांना झोपेचे औषध किंवा भूल द्यावी लागते, म्हणजे भूलतज्ज्ञ कधी मोकळे होतात याची वाट पाहणे आले. अशाने रजिस्टरमधली पुढची तारीख लांबत जाते, आणि ती तारीख घेऊन एसटीने परत जाणारा माणूस रोजगार बुडवून आलेला असतो.

तपासणीचा हा वेळ कमी करता येतो. १९७७ मध्ये रेमंड डॅमेडियन यांनी जिवंत माणसाच्या छातीचा पहिला छेद टिपला, तेव्हा जवळपास पाच तास लागले होते. तिथून इथवर आपण आलोच आहोत. यंत्र थेट चित्र काढत नाही. शरीरातून येणारे रेडिओ सिग्नल ते ओळीओळीने नोंदवते आणि मग गणिताने त्यांचे चित्र तयार होते. या नोंदी म्हणजेच रॉ डेटा. ओळी कमी घेतल्या की वेळ वाचतो, पण चित्र धूसर होते, एकावर एक सावल्या पडतात. भरपूर पूर्ण तपासण्यांवर शिकलेले मशीन लर्निंगचे मॉडेल त्या अपुऱ्या ओळींतून स्वच्छ चित्र उभे करू शकते.

न्यूयॉर्कच्या एनवाययू लँगोन या संस्थेने फेसबुकच्या संशोधकांसोबत २०१८ मध्ये ‘फास्ट एमआरआय’ प्रकल्प सुरू केला. २०२० मध्ये त्यांनी १०८ रुग्णांच्या गुडघ्यांची चित्रे दोन पद्धतींनी तयार केली. एक संच नेहमीचा होता. दुसऱ्या संचासाठी सुमारे पाऊण डेटा वगळून उरलेला मॉडेलला दिला होता. सहा रेडिओलॉजिस्टनी दोन्ही संच वाचले आणि निदानाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच उपयोगी ठरले. मला मात्र या निकालाहून मोलाचे वाटते ते दुसरेच काम. दीड हजाराहून अधिक गुडघ्यांच्या आणि जवळपास सात हजार मेंदूंच्या तपासण्यांचा रॉ डेटा, रुग्णांची ओळख पुसून, त्यांनी जगभरच्या संशोधकांना खुला केला.

आपल्याकडे असा डेटा रोज तयार होतो आणि वाया जातो. चित्रे ‘पॅक्स’ या चित्रसंग्रहाच्या प्रणालीवर जपली जातात, पण डिस्क भरत आली की रॉ डेटा पुसला जातो. तो वाचवण्याची जबाबदारी कुणावरच नसते.

‘न्यूयॉर्कचे मेंदू आहेत की, त्यांवर शिकलेले मॉडेल चालेल’ असे म्हणणाऱ्यांना मी न्यूरोसिस्टिसरकोसिसचे, म्हणजे मेंदूतल्या कृमीच्या आजाराचे, चित्र दाखवेन. फिट आलेल्या तरुण रुग्णात एक लहानशी पाण्याची पिशवी दिसते आणि तिच्या आत मिलिमीटरभराचा ठिपका असतो. ते त्या कृमीचे डोके. ठिपका दिसला तर निदान पक्के. तो दिसला नाही, तर ही क्षयाची गाठ असेल का, हा प्रश्न उभा राहतो, आणि क्षयाची औषधे कित्येक महिने घ्यावी लागतात. ठिपक्यांच्या रांगोळीत चार ठिपके राहिले तरी सराईत हात नक्षी पूर्ण करतो, पण आपल्या ओळखीचीच. मॉडेलचेही तसेच असते. ‘फास्ट एमआरआय’च्याच २०२० च्या स्पर्धेत काही चित्रांमध्ये मूळ मेंदूत नसलेल्या रचना उमटल्या होत्या. त्याच वर्षी केंब्रिजचे अँडर्स हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की मूळ चित्रातला लहानसा बदल अशा पद्धतींतून पार नाहीसाही होऊ शकतो. चित्र धूसर असेल तर आम्ही सावध होतो, पुन्हा घेतो. स्वच्छ दिसणाऱ्या चित्रात ठिपका नसेल, तर कोण पुन्हा घेणार? मणक्याचा क्षय, सिकलसेलमुळे खुब्याच्या हाडाची होणारी झीज, हे विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या रेडिओलॉजिस्टांचे रोजचे विषय आहेत. मॉडेलने ते शिकताना पाहिलेलेच नसतील, तर त्याच्या वेगावर मी विश्वास ठेवणार नाही.

यंत्र आपले असल्यामुळे त्यातल्या रॉ डेटाचे कुलूपही आपलेच आहे. चाचणीच्या पहिल्या रुग्णापासून रॉ डेटा खुल्या स्वरूपात बाहेर काढता यावा आणि तो साठवण्याची सोय यंत्राच्या किमतीतच धरलेली असावी. एम्सबरोबरच सेवाग्राम, नागपूर, धुळे इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांना या कामात घ्यावे. वेगवान पद्धत वापरात आणण्याआधी पूर्ण आणि अपुऱ्या डेटाची चित्रे त्यांच्याच रेडिओलॉजिस्टांनी शेजारी शेजारी ठेवून वाचावीत आणि चुकलेली चित्रेही प्रसिद्ध व्हावीत.

रुग्णाच्या संमतीत हयगय नको. डोक्याच्या स्कॅनवरून चेहरा पुन्हा उभा करता येतो, म्हणून नाव काढले की काम संपत नाही. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झालाच आहे, पण आमच्याकडे येणाऱ्या कित्येकांना इंग्रजी फॉर्म वाचता येत नाही आणि ते मुकाट्याने अंगठा उठवतात. संमतिपत्र मराठीत, एका पानाचे, तपासणीच्या टेबलावर झोपवण्याआधी वाचून दाखवता येईल असे हवे. ‘नाही’ म्हटले तरी तपासणी होईल, हे त्यात पहिल्याच ओळीत असावे. त्याचा मसुदा करायला आणि रुग्णांना वाचून दाखवून पारखायला आम्ही तंत्रज्ञ तयार आहोत. कुणाकडे पाठवायचा, तेवढे कळवावे.

आपली,
एक एमआरआय तंत्रज्ञ