‘तिला काय कमी आहे?’

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. शब्बाथ सुटला, हबदाला झाली, आणि पिनरच्या एका घरी आम्ही सहा-सात कुटुंबे ‘कासव’ हा मराठी चित्रपट पाहायला जमलो. यजमानीणबाईंनी वडे तळले होते, थर्मासमध्ये चहा भरून ठेवला होता. पुष्कळ दिवसांनी चांगली मराठी कानावर पडणार म्हणून सारे खुशीत होते. चित्रपट संपल्यावर मात्र त्या खोलीत जे बोलणे झाले ते ऐकून आम्हांला राग आला. दुसऱ्याच्या घरी वाद नको म्हणून आम्ही गप्प बसलो. ते गप्प बसणे आता टोचते आहे, म्हणून हे लिहीत आहोत.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा २०१६ सालचा चित्रपट. ६४ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’ यांच्यानंतर हा मान मिळवणारा तो पाचवा मराठी चित्रपट. सुमित्राबाई २०२१ मध्ये वारल्या. स्किझोफ्रेनियावरचा ‘देवराई’ आणि स्मृतिभ्रंशावरचा ‘अस्तु’ हेही याच जोडीचे. ‘कासव’मधली जानकी, म्हणजे इरावती हर्षे, ही घटस्फोट झालेली बाई आहे आणि स्वतः नैराश्याच्या आजारावर उपचार घेत आहे. आपले पूर्वज ज्या कोकणपट्टीवर उतरले त्याच कोकणच्या किनाऱ्यावर ती दत्ताभाऊंना कासवांची अंडी राखण्याच्या कामात मदत करते. दत्ताभाऊ झालेले डॉ. मोहन आगाशे प्रत्यक्षातही मानसोपचाराचे डॉक्टर आहेत. जीव द्यायचा प्रयत्न करून हॉस्पिटलातून पळालेला एक तरुण तापाने फणफणलेला असा जानकीला वाटेत सापडतो. ती त्याला घरी आणते. तू असे का केलेस, म्हणून त्याला छळत नाही. खाऊ घालते, झोपू देते, त्याला हवा तेवढा एकांत देते, पण एकटा पडू देत नाही. एवढीच गोष्ट.

आता आमच्या मंडळींचे अभिप्राय ऐका. एक गृहस्थ म्हणाले, “दोन तास फुकट गेले. आठवडाभर राबून माणूस हसायला बसतो, रडायला नव्हे.” दुसरे म्हणाले, “तिला काय कमी आहे? घर आहे, गाडी आहे, ड्रायव्हर आहे. खाऊन-पिऊन सुखी बाईला कसले आले नैराश्य!” एक बाई म्हणाल्या, “नवऱ्याला सोडले की असेच व्हायचे.” दुसऱ्या एकीने तर मुलांना मध्येच वरच्या मजल्यावर पाठवून दिले होते. असले पाहून पोरांच्या डोक्यात नको ते शिरते, असे तिचे म्हणणे.

आम्ही कपबश्या उचलून स्वयंपाकघरात गेलो. तेथे आमच्यातलीच एक बाई सिंकपाशी उभी होती. नळ वाहत होता आणि तिच्या हातात एकच कप होता. मागे न वळता ती म्हणाली, “मावशी, मी किती वर्षे गोळ्या घेते आहे. घरात फक्त ह्यांना ठाऊक. आता उद्यापासून कोणत्या तोंडाने या लोकांत येऊ?” तिला विचारून, आणि ओळख पटेल असे सारे गाळून, आम्ही हे लिहिले आहे.

वाचकहो, बाहेर हसणाऱ्यांपैकी एकही माणूस दुष्ट नव्हता. कोणाकडे दुखणे आले तर हीच माणसे सूपाचे डबे घेऊन दारात उभी राहतात. म्हणूनच त्यांच्याशी भांडावेसे वाटते.

पहिला प्रश्न, ‘तिला काय कमी आहे?’ आमचा जन्म वॉर्डात गेला. कावीळ झालेल्याला किंवा हृदयविकार झालेल्याला हा प्रश्न कोणी विचारल्याचे आम्ही ऐकले नाही. दुःख आणि नैराश्याचा आजार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुःख येते, माणूस रडतो, चार माणसांत बसून सावरतो. आजारात दोन-दोन आठवडे, महिनेच्या महिने, कशातच गोडी राहत नाही. झोप उडते किंवा संपतच नाही, अन्नाची चव जाते, साधी भाजी कोणती करावी हे ठरवता येत नाही, आणि आपण सर्वांना ओझे झालो आहोत असे मन सारखे सांगत राहते. यात आनुवंशिकता असते, बाळंतपण असते, मृत्यूचा आघात असतो, परदेशातला एकटेपणा असतो, आणि कधी यातले काहीच दाखवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात २८ कोटींहून अधिक माणसांना हा आजार आहे. ही सारी काय रिकामटेकडी माणसे आहेत?

मुंबईत आमच्या शाळेच्या दिवसांत कोणी जरा वेगळे वागले की “ह्याला ठाण्याला पाठवा” असे म्हणून सारा वर्ग हसायचा. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासूनचे. त्याच ठाण्यात आपले सिनेगॉग, आपली कितीतरी घरे, पण गावाचे नाव घेतले की थट्टा आठवायची ती हीच. आम्हीही हसलो. पुढे नर्स झाल्यावरही सुरुवातीच्या वर्षांत “मन घट्ट करा, देवाचे नाव घ्या” असे रोग्यांना सांगितले. मोडलेल्या पायाच्या माणसाला पाय घट्ट कर म्हणून सांगण्यासारखेच ते होते. हे कळायला आम्हांला रोग्यांनी शिकवावे लागले.

दुसरे, नवऱ्याला सोडण्याचे. संसार मोडल्याने माणूस खचते हे खरे. पण आजार न ओळखल्यामुळे संसार मोडतात, हे त्याहून अधिक वेळा आम्ही पाहिले आहे. बाळंतिणीचेच पाहा. गावी ती माहेरी जायची. आई, आजी, शेजारीण, कोणी ना कोणी बाळाला घ्यायचे. पिनरला ती सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत बंद घरात बाळासह एकटी. येथे दर दहा बायकांत एकीहून अधिक जणींना बाळंतपणानंतर वर्षभरात हा आजार होतो. तो ओळखण्यासाठी एडिंबरोच्या पद्धतीचे दहा प्रश्न १९८७ पासून वापरात आहेत. पाच मिनिटांचे काम. पण आपल्या बायका त्या प्रश्नांना हसून ‘सगळे ठीक’ म्हणतात, कारण शेजारी सासूबाई बसलेल्या असतात. मग वर्षभराने नवरा म्हणतो, ही बदलली. ती म्हणते, ह्यांना माझी कदर नाही. दोघेही खरे बोलतात, आणि आजाराचे नाव दोघांनाही ठाऊक नसते.

हे नवे नाही. हन्नेची कथा आपण दर रोश हशानाला ऐकतो. ती रडते, जेवत नाही, आणि नवरा एलकाना विचारतो की मी असताना तुला दुःख कसले. त्याचे तिच्यावर प्रेम होते, तरी त्याला कळले नाही. आणि एली याजकाला तर ती प्यालेली वाटली! निदान एलीने चूक कळताच तिला आशीर्वाद दिला. आपण तेवढे तरी करू या.

आपला समाज लहान. सोयरीक जमवताना सारे एकमेकांना ओळखतात, म्हणून मुलीची गोळी लपवायची, मुलाचे हॉस्पिटल लपवायचे. लग्नानंतर सहा महिन्यांनी औषधाची बाटली कपाटात सापडते आणि मग ‘फसवले’ म्हणून दोन घरांत वैर. अशा वेळी संसार आजाराने मोडला असे लोक म्हणतात. आम्ही म्हणतो, तो खोटेपणाने मोडला. आजार अगोदर सांगितला असता तर कदाचित सोयरीक जमली नसती, हे आम्ही मान्य करतो. पण जमली असती ती टिकली असती.

तिसरे, मुलांचे. बोलल्याने पोरांच्या डोक्यात शिरते, ही समजूत आम्हांलाही एके काळी होती. पण कामावर आम्ही जे शिकलो ते उलटे आहे. “तुझ्या मनात जीव द्यायचे येते का?” असे सरळ, प्रेमाने विचारल्याने ते मनात येत नाही, असले तर बाहेर येते, आणि विचारणाऱ्याचा हात धरता येतो. २०२१ या एका वर्षात जगात सात लाखांहून अधिक माणसांनी आपला जीव घेतला, आणि त्यांत तरुणांचा भरणा मोठा होता. इंग्लंडने १९६१ मध्ये आत्महत्येचा प्रयत्न गुन्ह्यांतून काढून टाकला. भारतातही २०१७ च्या कायद्याने अशा माणसाला शिक्षेऐवजी उपचार द्यावेत असे ठरवले. कायद्याने सोडले, पण आपल्या दिवाणखान्याने अजून सोडलेले नाही.

एका अभिप्रायात मात्र तथ्य आहे, ते नाकारणे बरे नाही. समुद्रकाठचे घर आणि ड्रायव्हर सर्वांना मिळत नाही. चित्रपटात तरुण जितका लवकर वळणावर येतो तितक्या लवकर सगळेच येत नाहीत. गोळ्यांचा गुण यायलाच काही आठवडे लागतात, आणि त्या डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करता येत नाहीत. पण त्या मुलाला बरे वाटले ते घराच्या किमतीने नव्हे. जेवण, झोप, न टोचणारी सोबत आणि उपदेशाचा अभाव, यांतली कोणती गोष्ट पिनरमध्ये मिळत नाही?

ज्या एलियाहू हन्नाबीच्या नावाने आपण मलिदा करतो, ज्याच्या रथाच्या खुणा अलिबागेजवळ खंडाळ्याला दाखवतात, तोच नबी एकदा रानात झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागत होता. देवदूताने त्याला ‘तुला काय कमी आहे’ असे विचारले नाही. स्पर्श करून उठवले, भाकरी व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घातले, आणि मगच पुढच्या वाटेचे बोलणे काढले. जानकीने याहून वेगळे काय केले? आणि बिरड्याच्या सणाला हजारो वर्षांपूर्वी पडलेल्या मंदिरासाठी जमिनीवर बसून शोक करणारे आपण, शेजारच्या सुनेच्या दुःखापाशी दोन तास बसू शकत नाही?

आमचे मागणे थोडे आहे. आजारी वाटले तर जीपीकडे जा. इंग्लंडात एनएचएसच्या टॉकिंग थेरपीजकडे तुम्ही स्वतःही नाव देऊ शकता, चिठ्ठी लागत नाही. प्रसंग निकडीचा असेल तर १११ लावून दोनचा आकडा दाबा; नुसते बोलायचे असेल तर समॅरिटन्स, ११६ १२३, रात्रंदिवस. भारतातल्या नातेवाइकांना टेलि-मानसचा १४४१६, इस्राएलमधल्यांना १२०१ कळवा. आणि जे आजारी नाहीत त्यांनी एवढेच करावे: ‘तिला काय कमी आहे’ हे वाक्य जिभेवर आले की ते गिळून ‘तू जेवलीस का’ असे विचारावे.

पुढच्या महिन्यात तोच चित्रपट आमच्या घरी पुन्हा लावणार आहोत. दोन तास फुकट गेले म्हणणाऱ्या गृहस्थांना पहिले आमंत्रण. मोठ्या मुलांना वर पाठवणार नाही. ज्या बाई सिंकपाशी उभ्या होत्या त्यांनी येण्याचे कबूल केले आहे. आपले काही सांगायचे की नाही हे त्यांचे त्या ठरवतील. वडे आम्ही तळू.